तेल, उटणे आणि डबीवरील बारीक अक्षरे

वैशाख लागला की खानदेशात जमिनीची आणि माणसाच्या कातडीची स्थिती सारखीच होते. जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या घरात जातो, काळ्या रानाला हात जाईल अशा भेगा पडतात, आणि त्याच रानात अनवाणी राबणाऱ्या माणसाच्या टाचाही तशाच उलतात. जमिनीच्या भेगांचा विचार करण्यासाठी खाती आहेत, कृषिविद्यापीठे आहेत. टाचेच्या भेगेचा विचार मात्र घरातील एखादी म्हातारी बाई आणि बाजारातील दुकानदार या दोघांवर सोपवून आपण मोकळे झालो आहोत.

वसंत व्याख्यानमालेसारख्या व्यासपीठावर त्वचेला ओलावा देणाऱ्या आणि तिच्यावरील निर्जीव थर काढणाऱ्या पदार्थांचा इतिहास सांगावयास घेणे कित्येकांस पोरकट वाटेल. पण ज्या वस्तूवर रावापासून रंकापर्यंत प्रत्येक घर दरमहा काही ना काही खर्च करते, त्या वस्तूत काय आहे आणि ते तेथे कसे आले हे न कळणे, ही शहाण्या समाजाला शोभणारी गोष्ट नव्हे. शिवाय या इतिहासाचे एक महत्त्वाचे प्रकरण आमच्याच खानदेशात, अमळनेर येथे घडले आहे. ते येथील माणसांनी तरी जाणले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू. त्वचेची निगा म्हणजे दोन वेगवेगळी कामे आहेत. एक स्निग्धता देण्याचे, दुसरे घासून किंवा सैल करून वरचा मेलेला थर काढण्याचे. आमच्या जुन्या वैद्यकाने या दोन कामांना दोन स्वतंत्र नावे दिली : अभ्यंग आणि उद्वर्तन. वाग्भटाच्या अष्टांगहृदयातील दिनचर्येत अभ्यंग, व्यायाम, उद्वर्तन आणि मग स्नान असा क्रमच लावून दिलेला आहे. चरकसंहितेत अभ्यंगाचा विचार सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात येतो, आणि तेथे शरीराची तुलना मडक्याशी, चामड्याशी आणि गाड्याच्या आसाशी केली आहे. ही उपमा राजवाड्यातील नव्हे, शेतकऱ्याच्या अंगणातील आहे. मोटेच्या चामड्याला तेल चोपडणाऱ्या आणि गाडीला वंगण देणाऱ्या खानदेशी माणसाला ती समजावून सांगावी लागली नसती. त्या अध्यायाचे नाव ‘मात्राशितीय’ आहे, म्हणजे त्याचा आरंभच मात्रेच्या, प्रमाणाच्या विचाराने होतो. ही मात्रेची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

राजेरजवाड्यांकडेही हा विषय होताच. जळगावहून सुमारे साठ किलोमीटरांवर असलेल्या अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात, पाचव्या शतकातील चित्रकाराने, हाती आरसा घेतलेली राजस्त्री आणि तिच्या सेविका रंगविल्या आहेत. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या उपभोगांमध्ये स्नानाला स्वतंत्र स्थान दिले. पण आमच्या प्रस्तुत विषयाची खरी शाळा होती ती सामान्य घरातील न्हाणीघर.

त्या न्हाणीघरात काय काय होते? नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला तेल लावावयाचे आणि त्यावर उटणे चोळावयाचे. उटण्यात वाळा, नागरमोथा, कचोरा, आंबेहळद, चंदन यांची पूड. तान्ह्या मुलाला दुधावरची साय आणि हरभऱ्याच्या डाळीचे पीठ. डोक्याला शिकेकाई किंवा रिठा. अंग घासावयास वाळलेल्या घोसाळ्याची जाळी, टाचेला वज्री. तेल ज्या त्या प्रांताचे : कोकणात भेगांवर आमसुलाच्या बियांचे भिरंडेल, सातपुड्याच्या पायथ्याला मोहाच्या बियांचे तेल, आणि तापीच्या खोऱ्यात तीळ, करडई, जवस, भुईमूग, एरंडी यांपैकी जे पिकले असेल ते.

या यादीकडे रसायनाच्या दृष्टीने पाहिले तर तिची व्यवस्था नजरेस भरते. डाळीचे पीठ तेल शोषून घेते, मळ धरते आणि हलकेच घासते. पण अंगावरचे सगळे तेल ते नेत नाही. तेलाचा एक पातळ थर त्वचेवर राहतोच. म्हणूनच ‘आधी तेल, मग उटणे, मग पाणी’ हा क्रम सार्थ होता. तेलाने मळ सैल होई, घासण्याचा जाच कमी होई आणि शेवटी जरूर तेवढी स्निग्धता शिल्लक राही. मात्र या जुन्या व्यवस्थेचे आम्ही आंधळे गोडवे गाणार नाही. गोडे तेल ज्या घरात भाजीला पुरत नव्हते, त्या घरात अंगाला तेल वर्षातून एकदा, दिवाळीलाच लागत असे. कापूस वेचून बोंडाच्या टोकांनी ओरबाडलेल्या बोटांना ते रोज मिळाले असते तर त्याचा उपयोग अधिक झाला असता. उपाय माहीत होता, पण तो ज्याला सर्वांत जास्त हवा होता त्याच्या आवाक्यात नव्हता, हे या इतिहासातील जुने दुखणे आहे.

या व्यवस्थेत साबणाने प्रवेश केला. शब्द अरबी-फारसीकडून आलेला, आणि वस्तूचा मोठा व्यापार विलायतेहून आलेला. 1888 मध्ये लीव्हर बंधूंच्या सनलाइट साबणाच्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या. पुढे स्वदेशीच्या काळात देशी कारखाने निघाले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस मुंबईत आर्देशीर गोदरेज यांनी चरबी टाळून वनस्पती तेलांचा साबण केला, आणि त्याच सुमारास, 1918 मध्ये, म्हैसूर संस्थानने बंगळूरला चंदनाच्या तेलाचा साबण काढावयास आरंभ केला. हळूहळू उटणे दिवाळीपुरते उरले आणि साबण रोजचा झाला.

येथे एक बदल कोणाच्या फारसा लक्षात न येता घडून गेला. त्वचा स्वभावतः किंचित आम्ल असते, साबण क्षारधर्मी असतो. तो उटण्यासारखा तेलाचा थोडा अंश मागे ठेवीत नाही. वरून लावलेले तेल तर तो नेतोच, पण त्वचेचे स्वतःचे स्नेहही बरेचसे धुऊन काढतो. उटण्याची जागा साबणाने घेतली तेव्हा ‘आधी तेल’ या जुन्या क्रमातला अर्धा अर्थ निघून गेला. क्रम मात्र सवयीने तसाच राहिला. आंघोळीनंतर अंग ओढल्यासारखे वाटणे, पिंडऱ्यांवर पांढुरके ओरखडे उठणे, या तक्रारींचे एक मूळ या बदलात आहे.

गंमत अशी की, साबण जो ओलावा हिरावून घेतो तो राखण्याचे साधनही साबणाच्याच कढईत जन्मास येते. 1779 मध्ये स्वीडनमधील कार्ल विल्हेल्म शेले या औषधविक्रेत्याने ऑलिव्हचे तेल शिशाच्या भस्माबरोबर तापविले, तेव्हा त्याला एक गोड, दाट द्रव मिळाला. फ्रान्सच्या शेव्रल याने पुढे त्याला ग्रीक भाषेतील ‘गोड’ या अर्थाच्या शब्दावरून ग्लिसरीन हे नाव दिले, आणि 1823 च्या आपल्या ग्रंथात तेल-चरबीची घडण उलगडून दाखविली. तेलाचा प्रत्येक रेणू म्हणजे तीन स्निग्धाम्ले आणि त्यांना बांधून ठेवणारे एक ग्लिसरीन. तेलात कॉस्टिक सोडा घातला की स्निग्धाम्लांचा साबण होतो आणि ग्लिसरीन सुटे होते. शंभर भार तेलामागे सुमारे दहा भार. या ग्लिसरीनचा गुण असा की ते पाणी ओढून धरते. मोठे कारखाने ते वेगळे काढून विकतात. 1867 मध्ये आल्फ्रेड नोबेलने नायट्रोग्लिसरीनपासून डायनामाइट केले आणि साबणाच्या कारखान्याचा संबंध दारूगोळ्याशी जुळला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील गृहिणींकडून स्वयंपाकातील उरलेली चरबी गोळा केली जात होती ती याचसाठी. ओठांच्या भेगेवर लावावयाचा पदार्थ आणि खडक फोडावयाचा पदार्थ यांचे कुळ एक आहे.

त्याच शेलेने 1780 मध्ये आंबलेल्या दुधातून लॅक्टिक आम्ल वेगळे केले, 1784 मध्ये लिंबातून सायट्रिक आम्ल आणि त्यानंतर सफरचंदातून मॅलिक आम्ल. त्वचा मऊ ठेवणारे ग्लिसरीन आणि त्वचेवरील निर्जीव थर सोडविणारी ही फलाम्ले एकाच माणसाच्या हाताने उजेडात आली. आपल्या शोधांचा त्वचेशी असा संबंध जुळेल याची त्याला कल्पना असण्याचे कारण नव्हते. तो 1786 मध्ये अवघ्या 43 व्या वर्षी वारला.

आता अमळनेरकडे येऊ. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, 1861 ते 1865 दरम्यान, खानदेशच्या कापसाला भाव आला. त्याच दशकात रेल्वे आली, आणि त्यामागून सरकी काढण्याचे कारखाने व गिरण्या उभ्या राहिल्या. कापसाबरोबर सरकी आणि भुईमूग आलेच. गावोगावच्या लाकडी घाण्यांवर बैल फिरत होते. गिऱ्हाईक आपले तीळ घेऊन येई, समोर बसून घाणा पाही, आणि तेल व पेंड घेऊन घरी जाई. त्या तेलात काय आहे हे त्याला विचारावे लागत नसे. या पार्श्वभूमीवर 29 डिसेंबर 1945 रोजी मोहम्मद हुसेन हाशम प्रेमजी यांनी अमळनेर येथे ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड’ ही कंपनी स्थापन केली. तिचा मुख्य माल म्हणजे वनस्पती तूप आणि शुद्ध केलेले तेल. आणि जोडीला ‘787’ या नावाचा कपडे धुण्याचा साबण. अशुद्ध तेल क्षाराने शुद्ध करताना जो भाग बाजूला पडतो तो साबणासारखाच असतो. त्यामुळे तेलाच्या कारखान्यापाशी साबण निघणे हे स्वाभाविक होते. 1966 मध्ये संस्थापक वारले तेव्हा त्यांचे चिरंजीव अझीम प्रेमजी अमेरिकेतील शिक्षण सोडून परतले. पुढे याच कंपनीचे ‘विप्रो’ झाले. संगणकाच्या व्यवसायात नाव कमावलेल्या या संस्थेचा उगम खानदेशच्या तेलात आहे, हे अमळनेरकरांस सांगावयास नको.

वनस्पती तुपाची युक्ती अशी की, पातळ तेलात निकेल धातूच्या सान्निध्यात हायड्रोजन वायू मिसळला की ते घट्ट होते. 1902 मध्ये विल्हेल्म नॉर्मान या जर्मन रसायनज्ञाने हे पेटंट घेतले. पण घट्ट होताना तेल एक वस्तू गमावते, ती म्हणजे लिनोलेइक आम्ल. 1929 मध्ये अमेरिकेत जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना स्निग्धांशविरहित आहार दिला, तेव्हा त्यांच्या कातडीला खवले धरले. आणि या आम्लासारखी काही स्निग्धाम्ले शरीराला बाहेरूनच मिळाली पाहिजेत असे ठरले. त्वचेच्या बाह्य थरातील पेशी विटांसारख्या असतात आणि त्यांमधील स्नेह चुन्यासारखे. त्या चुन्याच्या घडणीत लिनोलेइक आम्ल लागते. करडई आणि सूर्यफूल यांच्या तेलांत ते विपुल असते. ही केवळ सौंदर्याची बाब नाही. ढाक्याच्या शिशुरुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांना सूर्यफुलाचे तेल लावून पाहिले, तेव्हा त्यांच्यातील जंतुसंसर्ग लक्षणीय घटला. हा अभ्यास 2005 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. कातडीचा बांध शाबूत राहिला तर जीव वाचतो, असा याचा अर्थ आहे. घाण्यावरच्या तेलाची किंमत आपण केवळ सुवासावरून करू नये.

एवढे झाल्यावरही एक मूलभूत गैरसमज कायम होता. तेल त्वचेला मऊ करते, असेच सर्वजण समजत होते. 1952 मध्ये बोस्टनच्या आयर्विन ब्लँक यांनी तळपायाच्या घट्ट कातडीचे तुकडे घेऊन त्याची परीक्षा केली. वाळून ताठ झालेला तुकडा तेलात ठेवला तरी ताठच राहिला. पाण्यात ठेवला तेव्हा मऊ झाला. म्हणजे कातडीचे मार्दव पाण्यात आहे, आणि तेल हे त्या पाण्याचे राखणदार आहे. कोरड्या टाचेवर तेल चोपडणे म्हणजे रिकाम्या रांजणावर झाकण ठेवणे होय. पाय आधी पाण्यात भिजवावेत आणि ओलसर असतानाच तेल लावावे, ही साधी रीत या प्रयोगातून निघते. आणि साबणाच्या युगात तेल स्नानाआधी लावण्यापेक्षा स्नानानंतर लावणे का बरे, याचेही उत्तर येथेच मिळते.

आता बाजारातील कोणतीही डबी घेतली तरी तिच्यातील ओलाव्याचे पदार्थ तीन गटांत बसतात. पहिला गट पाणी ओढून धरणाऱ्यांचा : ग्लिसरीन, युरिया, लॅक्टिक आम्ल. दुसरा पेशींमधील सांधे भरून खरखर घालविणाऱ्यांचा : वनस्पती तेले, साय, स्निग्धाम्ले. तिसरा वरून झाकण घालणाऱ्यांचा : 1872 मध्ये रॉबर्ट चेसब्रो याने पेटंट घेतलेले व्हॅसलीन, मेण, आणि मेंढीच्या लोकरीतून निघणारे लॅनोलिन. ‘स्नो’ म्हणून आपल्याकडे जो प्रकार रूढ झाला, आणि ज्यातला ‘अफगाण स्नो’ 1919 मध्ये मुंबईच्या पाटणवालांनी काढला, तो स्टिअरिक आम्ल आणि पाणी यांचे मिश्रण क्षाराने एकजीव करून होतो. तेही पुन्हा तेल, पाणी आणि साबण यांचेच नवे नाते.

थर काढणाऱ्या पदार्थांचे गट दोन. एक घासणाऱ्यांचा : डाळीचे पीठ, उटणे, अक्रोडाच्या कवचाची पूड, आणि मध्यंतरी निघालेले प्लॅस्टिकचे बारीक मणी. हे मणी मोरीतून नदीत आणि नदीतून माशांच्या पोटात जातात असे आढळल्यावर अमेरिकेने 2015 मध्ये कायद्याने ते बंद केले. जळगावच्या डाळगिरण्यांतून निघणाऱ्या पिठावर असा आरोप कधी आला नाही. दुसरा गट सोडविणाऱ्यांचा : सॅलिसिलिक आम्ल आणि फलाम्ले. सॅलिसिलिक आम्ल 1874 मध्ये जर्मनीत कोल्बे याच्या रीतीने स्वस्त झाले आणि पायाच्या कुरुपावर लावण्याच्या पट्ट्यांत गेले. फलाम्लांचा त्वचारोगांवरील उपयोग 1974 मध्ये व्हॅन स्कॉट आणि यू या अमेरिकेतील दोन शास्त्रज्ञांनी मांडला. खवले धरणाऱ्या जन्मजात रोगाच्या माणसांना त्याने आराम पडला. उसापासून मिळणारे ग्लायकोलिक आम्ल आणि दह्यातील लॅक्टिक आम्ल ही त्यांतील ठळक नावे.

येथे मात्रेची गोष्ट परत येते. युरिया शेतकऱ्याला गोणीवरून परिचित आहे. तोच शुद्ध रूपात मलमात दहा टक्क्यांपर्यंत असला तर कातडीत पाणी धरतो. वीस ते चाळीस टक्के झाला की जाड थर विरघळवू लागतो. लॅक्टिक आम्लाचेही तसेच : थोडे असता ओलावा, अधिक असता सालपट. म्हणजे अभ्यंग आणि उद्वर्तन ही दोन कामे एकाच द्रव्यातही असू शकतात, आणि त्यांच्यामधील रेषा प्रमाणाची असते. म्हणूनच घरी लिंबू चोळून उन्हात जाणे किंवा खताचा युरिया टाचेला लावणे हे धाडस शास्त्र नव्हे. लिंबाने भाजल्यासारखे काळे डाग पडतात, आणि खतात मात्रेची व शुद्धतेची हमी नसते.

बाजाराचा इतिहास मात्र मात्रेपेक्षा नावांच्या आणि रंगाच्या आश्रयाने वाढला. 1985 च्या सुमारास अमळनेरच्या याच कंपनीने चंदन आणि हळद यांची नावे पुढे करून ‘संतूर’ साबण आणला, आणि न्हाणीघरातून गेलेले उटणे निदान नावाने तरी परत आले. 1975 पासून ‘फेअर अँड लव्हली’ या नावाने विकल्या गेलेल्या मलमाने गोरेपणालाच माल केले. ते नाव 2020 मध्ये बदलावे लागले. याहून घातक गोष्ट म्हणजे, गोरे होण्यासाठी स्टेरॉइडची मलमे लोक वैद्याविना वर्षानुवर्षे चेहऱ्यास लावीत राहिले. कातडी पातळ करणाऱ्या अशा कित्येक मलमांवर 2018 मध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीचे बंधन आले. पाऱ्याची मलमे तर मूत्रपिंडावर घाला घालतात. मूळ गरज होती भेगाळलेल्या कातडीला ओलावा देण्याची. विकला गेला तो रंग. सावळ्या खानदेशाला ही वंचना विशेष महाग पडली आहे.

यावर उपाय जुन्या घाण्याकडे परत जाणे हा नव्हे. घाणा गेला तो गेला. पण घाण्यापाशी बसलेल्या गिऱ्हाईकाला जो अधिकार होता, म्हणजे आपल्या वस्तूत काय आहे हे डोळ्यांनी पाहण्याचा, तो सोडून देण्याचे कारण नाही. 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार डबीवर घटकांची यादी छापावी लागते : एक टक्क्याहून अधिक असलेले घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने, आणि त्याहून कमी असलेले त्यांच्यामागून. डोळ्यांची प्रसाधने वगळता इतरांत पाऱ्याचा नकळत राहिलेला अंशही दशलक्षात एक भागाहून अधिक चालत नाही. म्हणजे केशर, चंदन किंवा बदाम यांचे चित्र डबीवर मोठे असून त्यांचे नाव यादीच्या शेपटाला असेल, तर गिऱ्हाईकाने काय समजावे हे उघड आहे. आणि ग्लिसरीन दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर असलेली स्वस्त बाटली महागड्या डबीपेक्षा टाचेची अधिक सेवा करील.

अडचण एवढीच की ती यादी इंग्रजीत आणि मुंगीच्या अक्षरांत असते. ती वाचून सांगणे हे काम शाळेतील रसायनाचे शिक्षक, औषधांच्या दुकानातील जाणती माणसे आणि महिला मंडळे सहज करू शकतात. हरभऱ्याच्या डाळीचे पीठ, करडईचे तेल, औषधाच्या दुकानातील ग्लिसरीन आणि पाणी या चार वस्तूंनी खानदेशातील बहुतेक टाचा उन्हाळाभर शाबूत राहू शकतात. भेगेतून रक्त येत असेल, किंवा मधुमेह असेल, तर मात्र डॉक्टरांकडे जावे. हे ज्ञान कापूस वेचणाऱ्या बाईच्या घरापर्यंत पोचले तर अजिंठ्याच्या राजस्त्रीपासून चालत आलेल्या या इतिहासाला आजवर न मिळालेली एक वाचक मिळेल, आणि तिचे भले होईल.